पिकअप गाडीचीं चाकें : शोभा पाहावी कीं भार?

सोलापूर जिल्ह्यांतील बागाईतदाराच्या दारांत पूर्वीं बैलगाडी असे, आज तेथें पिकअप गाडी उभी असते. सांगोल्याचें डाळिंब, पंढरपूरचीं द्राक्षें, मोहोळ-मंगळवेढ्याकडील कांदा, हा सर्व माल याच गाडींतून सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीकडे जातो. बैल थकला म्हणजे थांबे, आणि धन्यास ओझें जास्त झाल्याचें कळे. ही गाडी थकलेली दिसत नाहीं. त्यामुळें तिच्या चाकांविषयीं आपण जितका विचार करावयास पाहिजे तितका करीत नाहीं. गाडीचीं मूळचीं लोखंडी चाकें काढून त्यांच्या जागीं एखाद्या प्रवासी मोटारीचीं, कारखान्यांतूनच तयार होऊन आलेलीं, चकचकीत अलॉय चाकें बसवावयाचीं, आणि टायर घेतांना रुंदी व किंमत एवढेंच पाहावयाचें, अशी एक चाल आपल्याकडे तरुण मंडळींत पडत चालली आहे. ही चाल घातक आहे, आणि ती आपली आपणच थांबविली पाहिजे, हें सांगण्याकरितां हा लेख आहे.

आपल्या वडिलांच्या काळीं गाडीचें चाक बदलावयाचें झाल्यास सुतार आधीं आस पाही, मग तुंब्याचें भोक पाही, आरे ठोकून पाही, आणि शेवटीं विचारी, "या गाडींत भरणार काय?" कडब्याच्या गाडीस चालणारें चाक उंसाच्या गाडीस चालेलच असें तो धरून चालत नसे. आज आपण चाक विकत घेतांना हा शेवटचा प्रश्न विचारीत नाहीं. तो न विचारल्यानें काय होतें, याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. तो सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतों.

सन २०२२ च्या आरंभीं माझ्या पुतण्यानें आमच्या पिकअपकरितां एका प्रवासी मोटारीचीं चार जुनीं अलॉय चाकें टायरांसह विकत आणलीं. पांचही भोकें तंतोतंत बसलीं. टायरावरील मापही आमच्या जुन्या टायराचेंच होतें. भोकें जुळलीं, माप जुळलें, गाडी देखणी झाली. मीही निश्चिंत झालों. एप्रिलमध्यें कांदा भरून गाडी भर दुपारीं सोलापुरास निघाली. गाडीस ३४ पिशव्यांची परवानगी, आम्हीं भरल्या ४२. वर दोन गडी बसले. वाटेंत मागील उजवा टायर फुटला, चाकाची कड तुटून पडली, आणि गाडी रस्ता सोडून खालीं उतरली. पुतण्या वांचला. एका गड्याचा हात मोडला. पुढील तीन महिने त्यास कामावर जातां आलें नाहीं. माल गेला त्याचें कांहीं नाहीं, परंतु त्या गड्याच्या घरीं जाऊन बसणें मला फार जड गेलें. विकणाऱ्यानें मला फसविलें नव्हतें. चाक मोटारीचें आहे हें त्यानें सांगितलें होतें. हिशेब चुकला तो माझा.

तो हिशेब असा. प्रत्येक टायराच्या बाजूवर मापाच्या पुढें एक आंकडा व एक अक्षर असतें. अक्षर वेगाचें व आंकडा भाराचा. हा भारांक किलोग्रॅम नव्हे. त्याचा तक्ता ठरलेला आहे. १०० या अंकाचा अर्थ ८०० किलो, १०४ चा ९००, १०८ चा १०००, ११० चा १०६० आणि ११२ चा ११२० किलो. मालवाहू टायरावर कधीं ११२/११० असे दोन अंक असतात. पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकांचा. आतां २१५/७५ आर १५ हें एकच माप मोटारीच्या टायरावरही असूं शकतें आणि मालवाहू टायरावरही. माप तेंच, परंतु एकावर भारांक १०० आणि दुसऱ्यावर ११२ असूं शकतो. म्हणजे एका चाकामागें ३२० किलोंचा, कांद्याच्या सहा पिशव्यांहून अधिक, फरक पडला.

समजा, १७०० किलो माल घेणाऱ्या पिकअपमध्यें ५० किलोंच्या ३४ पिशव्या नियमाप्रमाणें भरल्या आणि मागील आसावर २१०० किलो वजन आलें. प्रत्येक मागील चाकावर १०५० किलो झाले. भारांक ११२ चा टायर हें पेलतो. १०० चा टायर कायदेशीर भारासहि पुरत नाहीं. आतां आणखी आठ पिशव्या टाकल्या. या ४०० किलोंपैकीं बहुतेक वजन मागील आसावरच येतें, आणि मग ११२ चा टायरही आपल्या मर्यादेपलीकडे जातो. अमेरिकेंतील नियमांत तर मोटारीचा टायर मालवाहू गाडीस लावल्यास त्याची भारशक्ति १.१० नें भागून धरावी असें आहे. तो हिशेब लावला तर ८०० किलोंचे ७२७ च राहतात. कारण उघड आहे. माल वर रचला म्हणजे गाडी झुलते, आणि वळणावर एकाच बाजूचें चाक दोघांचें ओझें घेतें.

ही विद्या आपल्या जिल्ह्यास नवी नाहीं. सन १८९७ मध्यें एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. वारींत त्या छोट्या गाडीनें पंढरपुरास गेलेले लोक अद्याप आपल्या गांवांत आहेत. रूळ हलके, एका यार्डास ३० पौंडांचे. म्हणून त्यानें इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊं नये असा नेम घातला आणि सर्व गाड्या त्या बेतानें बांधविल्या. एकूण ओझें किती यापेक्षां एका आसावर किती, हें त्यानें आधीं पाहिलें. त्या अरुंद रुळांच्या जागीं आतां रुंद रूळ आले आहेत, परंतु तो नेम पिकअपच्या मालकानें आजही पाठ करावा असा आहे.

आतां चाकाविषयीं. चाक बदलूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. मूळचें चाक गंजतें, वांकतें, आणि नवें घेण्याची पाळी येतेच. परंतु भोकांची संख्या जुळली म्हणजे चाक जुळलें असें नव्हे. पुढील गोष्टी एकामागून एक पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट बोल्टांचें वर्तुळ. सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर हाच त्या वर्तुळाचा व्यास. पांच असतील तर समोर बोल्ट येत नाहीं. तेव्हां शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास १.७० नें गुणावें. जुन्या विलीस जीपचें वर्तुळ पांच बोल्टांचें व साडेपांच इंचांचें, म्हणजे १३९.७ मिलिमीटरांचें होतें. त्यांत शेजारच्या दोन बोल्टांमध्यें सुमारें ८२ मिलिमीटर अंतर येतें. एकदोन मिलिमीटरांचा फरक असला तरी नट आवळून चाक ओढून बसविण्याचा मोह होतो. तसें बसविलेलें चाक बोल्टास सदैव ताण देतें आणि एके दिवशीं बोल्ट तुटतो.

दुसरी गोष्ट मधलें भोक. तें तुंब्यावर नेमकें बसलें पाहिजे. लहान असेल तर चाक बसतच नाहीं. मोठें असेल तर चाक मध्यावर राहत नाहीं आणि गाडी थरथरते. तिसरी गोष्ट नटाची बैठक. कोणाची निमुळती असते, कोणाची गोल, कोणाची सपाट. लोखंडी चाकाचे नट अलॉय चाकास लावले म्हणजे ते वरवर घट्ट वाटतात, परंतु पकड चार-दोन आट्यांचीच असूं शकते. चाक बदललें तर नटही त्याच चाकाचे घ्यावेत, आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरांनंतर ते पुन्हां आवळावेत. स्टेपनी लोखंडी राहिली असेल तर तिचे नट गाडींत वेगळे ठेवावेत. रात्रीं रस्त्यावर ही आठवण होऊन उपयोग नाहीं.

चौथी गोष्ट चाकाची खोली, म्हणजे तुंब्यावर टेकणारा पत्रा चाकाच्या मध्यरेषेपासून किती आंत वा बाहेर आहे तें. चाक बाहेर आलें कीं गाडी रुंद व रुबाबदार दिसते. परंतु बैलगाडीचें चाक आसाच्या अगदीं टोंकाशीं सरकलें तर आस कशी वांकते हें आपण पाहिलें आहे. तीच गत येथें बेअरिंगची होते. मध्यें चकत्या घालून चाक बाहेर काढणें तर माल वाहणाऱ्या गाडींत सर्वस्वीं वर्ज्य समजावें. पांचवी गोष्ट रिमची रुंदी. २१५/७५ च्या टायरास साडेपांच ते सात इंच रुंदीची रिम लागते; त्याबाहेरील रिमवर टायराची कड नीट बसत नाहीं. चाक बसविल्यावर गाडी भरून स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावें. रिकाम्या गाडींत न घांसणारा टायर भरल्या गाडींत घांसतो.

सहावी आणि सर्वांत मोठी गोष्ट, चाकाची स्वतःची भारशक्ति. बहुतेक चांगल्या चाकांच्या मागील अंगास ती कोरलेली असते. ती नसेल, किंवा ती वरील हिशेबांत बसत नसेल, तर तें चाक कितीही स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. अलॉय धातु वाईट असें मी म्हणत नाहीं. तो हलका असतो, लवकर थंड होतो, आणि मोठ्या मालट्रकांकरितांही त्याचीं भक्कम चाकें करतात. परंतु मोटारीकरितां केलेलें चाक मोटारीच्या भाराचेंच असतें. शिवाय खड्ड्यांत आदळल्यावर लोखंडी चाक वांकून मालकास इशारा देतें. अलॉय चाकास बारीक चीर जाते आणि ती रंगाखालीं दिसत नाहीं. म्हणून चाक बदलावयाचेंच असेल तर आपल्याच गाडीच्या अधिक भाराच्या प्रकाराचें, त्याच कारखान्याचें चाक घ्यावें. हा खरा "दुसऱ्या गाडीचें चाक" घेण्याचा मार्ग.

मोठें चाक घातल्यानें गाडी उंच होते, हेंही एक आकर्षण आहे. २१५/७५ आर १५ या टायराची उंची सुमारें ७०३ मिलिमीटर, आणि २३५/६५ आर १७ ची सुमारें ७३७. फरक पांच टक्क्यांच्या आसपास. कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी ६३ नें धांवते, चढावर ओढ कमी पडते, क्लच अधिक झिजतो आणि ब्रेकला काम वाढतें. ओझें वाहणाऱ्या गाडीस यांतील एकही गोष्ट फायद्याची नाहीं.

टायर निवडतांना आपल्याकडे काळ्या मातीची सबब फार सांगतात. पावसाळ्यांत बांधापर्यंत गाडी नेण्यास रुंद व मोठ्या खांचांचा टायर पाहिजे, असें म्हणतात. यांत तथ्य आहे, परंतु तें थोडें आहे. आपली काळी माती भिजली कीं रुंद टायराच्याही खांचा पांच पावलांत भरून निघतात आणि टायर गोटा झाल्यासारखा घसरतो. शेतांतून माल काढण्यास ट्रॅक्टर आहे, बैल आहेत. दोनशें पावलांच्या चिखलाकरितां टायर निवडून पन्नास मैलांच्या डांबरी रस्त्यावर तोटा सोसणें हा शहाणपणा नव्हे. सडकेकरितां मालवाहू जातीचा रेडियल टायर घ्यावा. तो नायलॉनच्या टायरापेक्षां कमी तापतो. एकाच आसावर एक रेडियल व एक नायलॉन असें कदापि करूं नये.

मालवाहू जात ओळखावी कशी? मापाबरोबर एलटी हीं अक्षरें आहेत कीं नाहींत तें पाहावें. टाटा एसच्या १४५ आर १२ एलटी या टायरावर तीं असतात. शिवाय आयएसआय शिक्क्याशेजारील क्रमांक पाहावा. आयएस १५६३३ हा मोटारीच्या टायराचा, आयएस १५६३६ हा मालवाहू वाहनाच्या टायराचा. ८ पीआर याचा अर्थ आंत आठ थर आहेत असा आतां राहिलेला नाहीं. तें बळाचें माप आहे. शेवटीं बाजूवरील चार आंकडे वाचावे. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील टायर. दुकानांत पडून जुना झालेला टायर नव्याच्या भावानें घेऊं नये. खांच १.६ मिलिमीटरांवर आली कीं कायद्यानें टायर बाद होतो; मालाच्या गाडीनें तितकी वाट पाहूं नये.

आणि हवा. चैत्र-वैशाखांत सोलापुरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, रस्ता त्याहून तापतो. पुष्कळांची समजूत अशी कीं उन्हाळ्यांत हवा कमी ठेवावी, नाहीं तर टायर फुटतो. खरें याच्या उलट आहे. कमी हवेचा टायर अधिक चेंबतो, चेंबल्यानें आंतून तापतो, आणि तापल्यानें फुटतो. सन २००० च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीनें सुमारें ६५ लक्ष टायर परत मागविले. हे पंधरा इंची टायर मुख्यतः फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीस होते. धांवतां धांवतां त्यांचा वरचा पट्टा सुटे व गाडी उलटे. दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. टायराच्या घडणीविषयीं व गाडीच्या घडणीविषयीं पुष्कळ वाद झाला, परंतु उष्ण प्रदेश, वेग, ओझें आणि कमी हवा हीं एकत्र आल्यास काय होतें, हें त्यावरून सर्व जगास कळलें. आपला उन्हाळा अमेरिकेच्या दक्षिण भागाहून सौम्य नाहीं. हवा सकाळीं, गाडी थंड असतां, कारखान्यानें भरल्या गाडीकरितां दिलेल्या आंकड्याप्रमाणें भरावी. दुपारीं ती कांहीं पौंड वाढलेली दिसेल. ती सोडूं नये.

कायद्याचें अंग थोडक्यांत सांगतों. मालवाहू वाहनाच्या नोंदणींत टायरांचें माप व आसांवरील भार नमूद असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडींत फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हीच गोष्ट पुन्हां स्पष्ट केली. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. जादा भारास २०,००० रुपये आणि वर दर टनास २००० रुपये दंड आहे. मालवाहू गाडींत फुकट बसवून घेतलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर लादतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें सन २००२ मध्यें दिला आहे. तेव्हां मालावर माणूस बसविणें हें त्याच्या जिवाशीं तर खेळणें आहेच, पण आपली शेती गहाण टाकण्यासारखेंही आहे.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप असा येईल कीं, कांद्याचा भाव पडलेला असतां एका खेपेंत आठ पिशव्या कमी नेणें परवडत नाहीं, आणि मालवाहू टायर महाग पडतो. भाव पडतो हें खरें आहे, त्याचा चटका मलाही बसतो. परंतु पडलेल्या भावाची भरपाई चाकाकडून मागतां येत नाहीं. चार जुनीं चाकें घेऊन मीं जे पैसे वांचविले, त्याच्या अनेक पट मीं दवाखान्यांत व गाडीच्या दुरुस्तींत भरले, आणि गड्याच्या तीन महिन्यांचा तर हिशेबच नाहीं.

म्हणून आपल्या संस्थेनें पुढील हंगामापूर्वीं तीन गोष्टी कराव्या अशी माझी सूचना आहे. प्रथम, सभासदांच्या गाड्या एक दिवस भुईकांट्यावर आणवून, नेहमींप्रमाणें भरून, फक्त मागील चाकें कांट्यावर ठेवून त्यांचें वजन करावें, आणि प्रत्येक गाडीचा आसावरील भार, टायराचा भारांक व हवेचा आंकडा एका पुठ्ठ्यावर लिहून तो गाडींत लावावा. दुसरें, गोदामांत खात्रीचा हवामापक व नट ठराविक जोरानें आवळण्याचा पाना ठेवावा. एकट्यास हीं साधनें महाग पडतात, संस्थेस पडत नाहींत. तिसरें, खत व बियाणें जसें एकत्र घेतों, तसे मालवाहू टायर एकत्र मागणी करून, पक्की पावती घेऊन, तारीख पाहून घ्यावे. भावांतही सवलत मिळेल.

माझी गाडी आज पुन्हां लोखंडी चाकांवर चालते आहे. पिशव्या ३४ भरतों, गडी पुढें बसतो, नाहीं तर एस. टी. नें येतो. भुईकांट्याचा विषय येत्या मासिक सभेंत घ्यावा अशी चिटणिसांस विनंती आहे. पहिली गाडी माझी येईल.